रक्ताचा बांध

ठेच लागली की रक्त वाहू लागते. पण थोड्याच वेळात ते आपोआप थांबते. हे कसे घडते, याचा उलगडा जूलिओ बिझ्झोझेरो या इटालियन वैद्याने केला.

त्यांचा जन्म १८४६ साली वारेसे येथे झाला. अवघ्या विसाव्या वर्षी ते पाव्हिया येथे वैद्यकाचे पदवीधर झाले आणि पुढे तुरिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. सूक्ष्मदर्शक यंत्राचा त्यांना मोठा ध्यास होता.

रक्तात तांबड्या व पांढऱ्या पेशी असतात, हे तेव्हा ठाऊक होते. त्यांच्यासोबत दिसणारे बारीक कण मात्र मोडक्या पेशींचे अवशेष असावेत, असे अनेक विद्वान मानीत. बाहेर काढलेल्या रक्तात हे कण चटकन विरूप होत. म्हणून बिझ्झोझेरो यांनी जिवंत प्राण्याच्या नाजूक वाहिनीतून वाहणारे रक्तच यंत्राखाली निरखले. वाहिनीला इजा होताच ते कण तेथे चिकटले, एकमेकांस बिलगले आणि पाहता पाहता त्यांचा बांध तयार झाला. या बांधाला तंतूंच्या जाळ्याने बळकटी येते व घट्ट गुठळी बनते. १८८२ साली त्यांनी हा शोध सविस्तर मांडला. त्या कणांना आज आपण रक्तपट्टिका म्हणतो.

पुढे नेत्रविकाराने त्यांचे सूक्ष्मदर्शक सुटले. ज्या डोळ्यांनी हे गूढ उकलले, तेच डोळे थकले! तरीही ते खचले नाहीत. लोकांच्या आरोग्यासाठी ते अखेरपर्यंत झटले. १९०१ साली तुरिन येथे त्यांचे निधन झाले.