गणितसारसंग्रहकार महावीराचार्य

आहार, औषध, अभय आणि शास्त्र या चार दानांची महती जैन कुटुंबात बालपणापासून कानावर पडत असते. शास्त्रदान म्हटले की सहसा धर्मग्रंथांचेच स्मरण होते. परंतु विद्यार्थ्याच्या हाती गणिताचा उत्तम ग्रंथ देणे हेही शास्त्रदानच होय. असे दान ज्यांनी सुमारे साडेअकराशे वर्षांपूर्वी केले, ते थोर आचार्य म्हणजे गणितसारसंग्रह या ग्रंथाचे कर्ते महावीराचार्य.

नामसाम्यामुळे काहींचा गोंधळ होतो. परंपरेनुसार भगवान महावीरांचे निर्वाण इसवी सनापूर्वी ५२७ मध्ये झाले. गणिती महावीराचार्य त्यानंतर सुमारे पावणेचौदाशे वर्षांनी, इ. स. ८५० च्या सुमारास होऊन गेले. आपल्या ग्रंथाचा आरंभ त्यांनी भगवान महावीरांनाच वंदन करून केला आहे.

काळ आणि राजाश्रय

आचार्यांनी आपले जन्मगाव, माता-पिता किंवा कुळ यांविषयी ग्रंथात एक अक्षरही लिहिलेले नाही. मात्र राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांचा त्यांनी गौरव केला आहे आणि त्यावरूनच त्यांचा काळ निश्चित होतो. अमोघवर्षांनी इ. स. ८१४ ते ८७८ असे प्रदीर्घ राज्य केले. त्यांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड.

हे राजघराणे वऱ्हाडाला परके नव्हते. अचलपूर हे राष्ट्रकूटांच्या एका जुन्या शाखेचे ठिकाण होते आणि अमोघवर्षांचे पिता तिसरे गोविंद यांचे ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील अंजनवती येथे सापडले आहेत. वेरूळचे कैलास लेणे याच घराण्याने कोरविले आणि तेथील जैन लेण्यांचे कामही राष्ट्रकूट काळातच बहरले. अरब व्यापारी सुलेमान याच्या वृत्तांतात राष्ट्रकूट राजाची गणना जगातील चार मोठ्या राजांत केलेली आहे.

अमोघवर्षांच्या काळात जैन विद्येला बहर आला होता. आदिपुराणाचे कर्ते आचार्य जिनसेन यांना ते गुरुस्थानी मानीत. आचार्य वीरसेनांची धवला टीका याच शतकातील असून तीतही सूक्ष्म गणित आहे. जैन आगमांत संख्या, काल आणि लोकरचना यांचा विचार इतका खोल आहे की गणितावाचून त्यांचे अध्ययन पुरे होत नाही. स्थानांग सूत्रात तर गणिताचे दहा विषयच सांगितले आहेत. या ज्ञानपरंपरेत महावीराचार्यांची बुद्धी घडली.

स्वतंत्र गणितग्रंथ

त्यांच्या पूर्वीचे आर्यभट आणि ब्रह्मगुप्त हे महान गणिती होते. परंतु त्यांचे गणित ज्योतिषग्रंथातील काही अध्यायांत सामावलेले होते. ग्रहगतीचा अभ्यास करणाऱ्यासाठी ते साधन होते. महावीराचार्यांनी गणिताला ज्योतिषातून बाहेर काढून त्याचा स्वतंत्र आणि सर्वांगपूर्ण ग्रंथ रचला. प्रारंभीच त्यांनी गणिताची व्याप्ती विस्ताराने सांगितली आहे. व्यापार, पाकशास्त्र, वैद्यक, संगीत, वास्तुविद्या, छंद, व्याकरण, ग्रहणे, द्वीप-समुद्रांची मापे अशा सर्वच क्षेत्रांत गणिताचा संचार आहे, असे ते प्रतिपादन करतात. आपण पूर्वसूरींच्या ज्ञानसागरातून केवळ सार वेचून घेतले, असेही ते नम्रपणे नमूद करतात. ग्रंथाच्या नावाचा अर्थही तोच आहे.

अकराशेहून अधिक श्लोकांच्या या ग्रंथात नऊ प्रकरणे आहेत. पहिल्या प्रकरणात मापे, संज्ञा आणि महाक्षोभापर्यंत चोवीस स्थानांची नावे दिली आहेत. पुढे परिकर्म, कलासवर्ण म्हणजे अपूर्णांक, प्रकीर्णक उदाहरणे, त्रैराशिक, मिश्रक व्यवहार, क्षेत्रगणित, खात म्हणजे खोदकामाचे गणित आणि छायागणित असा क्रम आहे. साध्या बेरीज-वजाबाकीवर त्यांनी वेळ घालविलेला नाही. मिश्रक प्रकरणात व्याज, मुद्दल, मुदत, सोन्याचा कस, भागीदारीतील वाटणी असे व्यापाऱ्याच्या नित्याचे विषय आहेत.

अपूर्णांकांना तर त्यांनी दोन प्रकरणे दिली. पावकी, निमकी, दीडकी, औटकी पाठ करून दुकानात बसलेल्या जुन्या पिढीला याचे मोल सहज उमगेल. वेगवेगळ्या छेदांचे अपूर्णांक मिळविताना लघुतम साधारण विभाज्य घेण्याची रीत त्यांनी निरुद्ध या नावाने दिली. एक या संख्येचे एकांश अपूर्णांकांत विभाजन करण्याचा त्यांचा नियमही सुंदर आहे. एक द्वितीयांश, एक तृतीयांश, एक नवमांश आणि एक अष्टादशांश यांची बेरीज बरोबर एक येते. असे हवे तितके भाग त्या नियमाने पाडता येतात.

उदाहरणांतून शिक्षण

या ग्रंथाचे खरे वैभव त्यातील उदाहरणांत आहे. प्रत्येक नियमामागोमाग सोडविण्यासाठी उदाहरणे येतात आणि ती शिकणाऱ्याच्या परिचयाच्या जगातून घेतलेली असतात. गुणाकार शिकविताना एकेका जिनमंदिरात आठ कमळे वाहिली तर १४४ मंदिरांत किती, असा प्रश्न येतो. उत्तर ११५२. लहान मुलाच्या मनात भक्ती आणि गुणाकार एकाच वेळी रुजतात.

पुढे उदाहरणे कठीण होत जातात. उंटांच्या कळपाचा चौथा भाग वनात दिसला, एकूण संख्येच्या वर्गमुळाच्या दुप्पट उंट डोंगराकडे गेले आणि पंधरा नदीकाठी राहिले, तर कळप केवढा? उत्तर ३६ आहे. चौथा भाग ९, वर्गमूळ ६ ची दुप्पट १२ आणि उरलेले १५ मिळून ३६ होतात. आज ज्याला वर्गसमीकरण म्हणतात, तेच येथे उंटांच्या पाठीवर बसून मुलापुढे येते.

व्यापाऱ्यांना आवडेल असे आणखी एक उदाहरण. तीन व्यापाऱ्यांना वाटेत पैशांची थैली दिसते. ती आपणास मिळाली तर आपले धन इतर दोघांच्या एकत्रित धनाच्या दुप्पट होईल, असे पहिला म्हणतो. दुसरा तिप्पट होईल म्हणतो आणि तिसरा पाचपट. थैलीत १५ आणि व्यापाऱ्यांजवळ अनुक्रमे १, ३ व ५ नाणी मानली तर तिघांचेही म्हणणे खरे ठरते. येथे पाठ केलेली रीत पुरत नाही. तिघांच्या बोलण्यातून संबंध शोधावा लागतो, मग मांडणी करावी लागते आणि शेवटी ताळाही पाहावा लागतो.

संख्यांचे सौंदर्यही आचार्यांनी विद्यार्थ्यास दाखविले. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले असता १२३४५६५४३२१ ही दोन्ही बाजूंनी सारखी वाचता येणारी संख्या मिळते. १४२८५७१४३ ला ७ ने गुणले की १००००००००१ येते. अशा संख्यांना त्यांनी गळ्यातील अलंकारांची उपमा दिली आहे.

चांगल्या गणितज्ञाचे आठ गुणही त्यांनी सांगून ठेवले आहेत. झटपट आकडेमोड, इष्ट उत्तराचा पूर्वविचार, अनिष्ट वाटेचा त्याग, आळसाचा अभाव, अचूक आकलन, धारणा, नवे उपाय शोधण्याची शक्ती आणि अज्ञात संख्या प्रकट करण्याचे कौशल्य. यांत पाठांतराला एक जागा आहे आणि विचाराला अनेक, ही गोष्ट शिक्षकांनी व पालकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

गणितातील मोलाची भर

दिलेल्या वस्तूंतून काही वस्तू किती प्रकारे निवडता येतील, याचा सर्वसाधारण नियम त्यांनी स्पष्टपणे मांडला. सहा रसांचे एकेक, दोन-दोन, तीन-तीन असे मिश्रण केल्यास ६३ प्रकार होतात, हे त्यावरून काढता येते. ऋण संख्या ही कोणत्याही संख्येचा वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. त्यावर मार्ग काढणाऱ्या कल्पित संख्या युरोपात कित्येक शतकांनंतर आल्या. लंबवर्तुळाला त्यांनी आयतवृत्त म्हटले आणि त्याच्या परिघाचे सूत्र देण्याचा प्रयत्न केला.

सर्वच ठिकाणी त्यांचा निर्णय टिकला असे नाही. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, असे त्यांनी लिहिले; आजचे गणित तो भागाकार अर्थहीन मानते. परंतु शून्याच्या भागाकाराने त्यांच्यानंतरच्या मोठमोठ्या गणितींनाही कोड्यात टाकले होते. त्यामुळे आचार्यांच्या थोरवीला उणेपणा येत नाही.

ग्रंथाचा प्रवास

भास्कराचार्यांची लीलावती इ. स. ११५० च्या सुमाराची, म्हणजे गणितसारसंग्रह तिच्या तीनशे वर्षे आधीचा. दक्षिणेत त्याचा मोठा प्रसार झाला. अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन याने तो तेलुगूत आणला. नंतर मात्र ग्रंथ विस्मृतीत गेला. त्याच्या ताडपत्री प्रती भांडारांत जपल्या गेल्या, पण त्यातील उदाहरणे सोडविणारा विद्यार्थी उरला नाही.

मद्रासचे प्राध्यापक एम. रंगाचार्य यांनी मद्रास, म्हैसूर, मूडबिद्री येथील हस्तलिखिते ताडून पाहिली आणि १९१२ मध्ये मूळ संस्कृत पाठ इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केला. अमेरिकेतील गणितेतिहासकार डेव्हिड यूजीन स्मिथ यांनी त्यास प्रस्तावना लिहिली. १९०८ मध्ये रोम येथील जागतिक गणित परिषदेत त्यांनीच या ग्रंथाची ओळख करून दिली होती. पुढे १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो प्रकाशित केला. महाराष्ट्रातील एका जैन संस्थेच्या हातून हे कार्य घडले, ही अभिमानाची बाब आहे.

तथापि केवळ अभिमानाने आचार्यांचे ऋण फिटत नाही. भांडारात ग्रंथ सुरक्षित राहिला, परंतु वाचकाविना तो कित्येक शतके मुका होता, ही गोष्ट समाजाने विसरता कामा नये. बाळापूरसारख्या व्यापारी परंपरेच्या गावात हिशेबाचे संस्कार घराघरांत होते. आता यंत्रे क्षणात उत्तर देतात आणि परीक्षेसाठी तयार उत्तरे विकत मिळतात. विचार करण्याची सवय मात्र विकत मिळत नाही. पाठशाळेत स्तोत्रपठणानंतर आठवड्यातून एक उदाहरण या ग्रंथातील घातले, मुलांनी ते घरी नेऊन वडीलधाऱ्यांसह सोडविले, तरी आचार्यांचा ग्रंथ पुन्हा बोलू लागेल. सुवर्णमहोत्सवी वर्षात असा संकल्प करण्यास फारसा खर्चही नाही.

स्वतःविषयी एक शब्दही न लिहिता शिकणाऱ्यांसाठी हजारांहून अधिक श्लोक मागे ठेवणाऱ्या या ज्ञानतपस्वी आचार्यांच्या स्मृतीस विनम्र वंदन.