कोरियात शांतता राखणारे वडगावचे जनरल थोरात

शांतिसेनेचं नाव निघालं की कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावची आठवण यायला पाहिजे. शंकरराव पांडुरंग थोरात यांचा जन्म १९०६ चा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात कांगॉवच्या लढाईत त्यांनी डीएसओ पदक मिळवलं.

पण वेगळीच कसोटी लागली १९५३ ला, कोरियात. युद्ध थांबलं, तरी मायदेशी जायला नकार देणारे २२ हजारांवर कैदी उरले. त्यांना सांभाळायचं काम भारताकडं आलं. मेजर जनरल थोरात सुमारे ६ हजार जवान घेऊन गेले. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी आपल्या जमिनीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून जवान जहाजावरून हेलिकॉप्टरनं नेले. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला धरून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून आणलं.

काम संपल्यावर १९५४ ला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी नेहरूंना पत्र लिहून या फौजेचं कौतुक केलं, आभार मानले. थोरात १९९२ ला गेले.

भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या आपल्या पोरांना हे नाव माहीत पाहिजे. लढणं अवघडच, पण चिडलेल्या माणसांसमोर हात आवरून उभं राहणं त्याहून अवघड.