दीड दिवस शाळा शिकलेल्या अण्णाभाऊंची ‘फकिरा’ अभिजात का ठरली?

अण्णाभाऊ साठेंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा. शाळा जेमतेम दीड दिवस. कुटुंबासोबत पायी मुंबई गाठली, गिरणीत राबले, शाहीर झाले. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून त्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या.

‘फकिरा’ आली १९५९ मध्ये. उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा, इंग्रजांशी झुंजणारा मांग तरुण तिचा नायक. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तरी समीक्षकांनी अण्णाभाऊंना बराच काळ दुर्लक्षिलं. कुणाला लेखन भडक वाटलं, कुणाला प्रचारकी. वाचकांनी मात्र ‘फकिरा’च्या आवृत्त्या संपवल्या.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ हलाखीतच गेले. आज ‘फकिरा’ विद्यापीठांत शिकवली जाते. कादंबरी तीच आहे, मोजपट्टी बदलली.