गुलबदन बेगम : सात वर्षांची हजयात्रा

हज हे इस्लामच्या पाच मूलभूत कर्तव्यांपैकी एक आहे. प्रकृती, प्रवासखर्च आणि मार्गाची सुरक्षितता यांची अनुकूलता असेल, तर प्रत्येक मुसलमानाने आयुष्यात एकदा हज करावे, असा नियम आहे. मोगल सम्राट बाबर यांच्या कन्या गुलबदन बेगम यांच्या यात्रेत मार्गाच्या सुरक्षिततेचा प्रश्नच सर्वांत बिकट ठरला.

गुलबदन बेगम यांचा जन्म १५२३ मध्ये काबूल येथे झाला. सहाव्या वर्षी त्या आग्र्याला आल्या. पुढे त्यांचा विवाह खिज्र ख्वाजा खान यांच्याशी झाला. त्यांचे भाचे अकबर यांच्या कारकिर्दीत, १५७५ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी फतेहपूर सिक्री येथून हजसाठी प्रस्थान ठेवले. सलीमा सुलतान बेगम यांच्यासह राजघराण्यातील अनेक स्त्रिया त्यांच्यासोबत होत्या.

त्या काळी खुष्कीचा मार्ग शिया सफवी राजवटीच्या प्रदेशातून जात असे, तर समुद्रावर पोर्तुगीजांचे वर्चस्व होते. त्यांच्या परवान्यावर येशू आणि मेरी यांची चित्रे असत. अशा स्थितीत हज बंधनकारक नाही, असे मत मखदूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी यांनी दिल्याची नोंद इतिहासकार बदायुनी यांनी केली आहे. या मतानुसार गुलबदन बेगम यांना घरी राहण्याची मुभा होती. मात्र त्यांनी माघार घेतली नाही. परवान्यासाठी सुमारे वर्षभर सुरतेत थांबून १५७६ मध्ये त्या सलीमी या जहाजाने रवाना झाल्या.

हजच्या विधींमध्ये सम्राटाच्या आत्यालाही सवलत नसते. इहराम धारण करणे, काबागृहाला सात प्रदक्षिणा घालणे, सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या करणे, जिल्हज महिन्याच्या नवव्या दिवशी अराफातच्या मैदानात प्रार्थना करणे, मुजदलिफा येथे रात्र काढणे आणि मीना येथे प्रतीकात्मक सैतानाला खडे मारणे हे विधी सर्वांना सारखेच असतात. कुर्बानीनंतर पुरुष मुंडन करतात किंवा केस कापतात. स्त्रिया केसांची केवळ एक बट कापतात.

गुलबदन बेगम अरबस्तानात तीन वर्षांहून अधिक काळ राहिल्या आणि त्यांनी चार वेळा हज केले. भारतीय यात्रेकरूंच्या दीर्घ मुक्कामामुळे मक्केवर ताण पडत असल्याचे कारण देऊन ऑटोमन सुलतान तिसरा मुराद यांनी त्यांना परत पाठवण्याचे आदेश काढले. परतीच्या प्रवासात एडनजवळ जहाज फुटल्याने त्यांना तेथे अनेक महिने अडकून पडावे लागले. अखेर १५८२ मध्ये त्या फतेहपूर सिक्रीला परतल्या.

त्यानंतर अकबर यांच्या विनंतीवरून त्यांनी फारसी भाषेत ‘हुमायूननामा’ लिहिला. त्याची उपलब्ध प्रत अपूर्ण असून तीत हजयात्रेचे वर्णन नाही. त्यामुळे या यात्रेची माहिती इतरांच्या नोंदींतूनच मिळते. १६०३ मध्ये आग्रा येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या जनाज्याला अकबर यांनी स्वतः काही अंतर खांदा दिला.