पायथनच्या पुस्तकात भेटणारे कापरेकर मास्तर

प्रोग्रॅमिंग आपले आपण शिकण्यासाठी जी पुस्तके मिळतात, त्यांत ‘लूप’च्या धड्यापाशी एक स्वाध्याय बरेचदा भेटतो. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येते आणि पुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी तीच येत राहते. या स्वाध्यायाच्या नावात ‘कापरेकर’ असते. पुस्तक इंग्रजी असले की आडनाव रोमन लिपीत छापलेले असते. जव्हारच्या किंवा मोखाड्याच्या विद्यार्थ्याला ते कुणा परदेशी गणितज्ञाचे वाटले तर नवल नाही. हा माणूस त्याच्याच जिल्ह्यात जन्मला होता.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, जव्हार हे मुकण्यांचे संस्थान होते आणि पालघर जिल्हा व्हायला अजून १०९ वर्षे बाकी होती. डहाणूच्या बाजूने जव्हार, मोखाडा, त्र्यंबक करत नाशिकला जाणारा घाटरस्ता आहे. कापरेकरांचे आयुष्य सुरू झाले ते या वाटेच्या समुद्राकडच्या टोकाला आणि सरले ते दुसऱ्या टोकाला, नाशिकजवळच्या देवळालीत.

वडील कारकून. त्यांना ज्योतिषाचा नाद होता, आणि पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. मुलगा आठ वर्षांचा असताना आई गेली, पुढे वडिलांनीच त्याला वाढवले. ज्योतिष बाजूला राहिले, आकडे मात्र मुलाच्या मनात घर करून बसले. ठाण्याच्या शाळेत असताना तो गणिताची कोडी सोडवण्यात तास न् तास घालवी. नंतर पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. तिथे १९२७ मध्ये गणितातल्या स्वतंत्र कामासाठी दिले जाणारे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले आणि १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. औपचारिक शिक्षण तिथे संपले. १९३० पासून देवळालीत शाळामास्तर म्हणून त्यांनी नोकरी धरली ती १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली जागा नाही, मार्गदर्शक नाही.

मास्तरांचे काम चाले ते कागदावर. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चा गुणधर्म मांडला, तेव्हा देशात एकही डिजिटल संगणक नव्हता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत तो आला १९५०च्या दशकाच्या मध्याला, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘टिफ्रॅक’ रीतसर कामाला लागला १९६० मध्ये. पायथन ही भाषा तर १९९१ ची, म्हणजे मास्तरांच्या मृत्यूनंतरची. तरीही त्यांनी जे मांडले ते आजच्या अर्थाने अल्गोरिदमच होते: कृती ठरलेली, ती कोणत्या क्रमाने करायची ते ठरलेले, आणि कुठे थांबायचे तेही ठरलेले.

एक उदाहरण करून पाहू. संख्या ३५२४. अंक उतरते मांडले की ५४३२, चढते मांडले की २३४५. वजाबाकी ३०८७. आता ८७३० मधून ०३७८ वजा केले की ८३५२. मग ८५३२ मधून २३५८ वजा केले की ६१७४. तीन फेऱ्यांत काम झाले.

चार अंकी संख्या ९०००. त्यातून ११११, २२२२ अशा नऊ वगळल्या तरी ८९९१ उरतात. एवढ्या सगळ्या हाताने तपासायला बसले तर वह्यांमागून वह्या संपतील. पण इथे थोडे बीजगणित मदतीला येते. चार अंक मोठ्याकडून लहानाकडे लावले, तर पहिल्या वजाबाकीचे उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरते: पहिल्या आणि शेवटच्या अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणायचे, दुसऱ्याला ९० ने, आणि बेरीज करायची. वरच्या उदाहरणात ५ आणि २ यांतला फरक ३, तर ४ आणि ३ यांतला १. म्हणजे २९९७ अधिक ९०, बरोबर ३०८७. पहिला फरक १ ते ९ असू शकतो आणि दुसरा त्याच्याहून मोठा कधीच नसतो. अशा जोड्या मोजल्या तर भरतात अवघ्या ५४. संख्या कितीही असोत, पहिल्या वजाबाकीनंतर ५४ पेक्षा जास्त उत्तरे उरतच नाहीत. एवढी तपासायला एक रविवार पुरतो.

संगणक हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उरकतो आणि ८९९१ संख्या तपासून मोकळा होतो. पण ५४ ची गोष्ट तो आपणहून सांगत नाही. ती कागदावरच दिसते. प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकातला हा स्वाध्याय मोलाचा आहे तो यामुळे, आणि त्यातल्या दोन खाचखळग्यांमुळे.

पहिला खळगा शून्याचा. २१११ घ्या. उतरता क्रम तोच, २१११, चढता १११२, वजाबाकी ९९९. प्रोग्रॅमने हे उत्तर तीन अंकी धरले, तर पुढच्या फेरीत ९९९ मधून ९९९ वजा होऊन शून्य येते आणि ६१७४ हुकते. शिकणाऱ्याला वाटते, नियमच चुकीचा. नियम ठीकच असतो, ते उत्तर ०९९९ असे चार अंकीच धरायला हवे. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि पाचव्या फेरीत ६१७४. पायथनमध्ये संख्येला पुढचे शून्य कळत नाही, म्हणून ती ‘स्ट्रिंग’ करून चार जागा भरून घ्याव्या लागतात. ‘इंटिजर’ आणि ‘स्ट्रिंग’ यांतला फरक व्याख्या पाठ करून जेवढा कळतो, त्याहून पक्का या एका फसलेल्या वजाबाकीने कळतो.

दुसरा खळगा थांबण्याचा. तोच प्रोग्रॅम दोन अंकी संख्यांवर चालवला आणि ‘उत्तर बदलायचे थांबेपर्यंत चालू ठेव’ अशी अट घातली, तर तो कधीच थांबणार नाही. ६३ मधून ३६ गेले २७, ७२ मधून २७ गेले ४५, ५४ मधून ४५ गेले ०९, ९० मधून ०९ गेले ८१, ८१ मधून १८ गेले पुन्हा ६३. बैल घाण्याला फिरावा तसे हे आकडे फिरत राहतात. तीन अंकी संख्यांना मात्र मुक्कामाचे ठिकाण आहे, ४९५.

हे दोन्ही खळगे शोधायला संगणक लागत नाही. पुस्तकातला प्रोग्रॅम कागदावर एकेक ओळ चालवून पाहण्याला संगणकाच्या तासाला ‘ड्राय रन’ म्हणतात. घरी लॅपटॉप नाही, वसतिगृहात फोन थोडाच वेळ हातात येतो, पावसाळ्यात वीज गेली की गेली, अशा ठिकाणी पुस्तकावरून शिकणाऱ्याला तोच मार्ग आहे. तो कमी दर्जाचा मार्ग नाही. कापरेकरांचे सारे संशोधन म्हणजे असा एक दीर्घ ड्राय रनच होता.

त्यांच्या बाकीच्या संख्याही अशाच. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी नाव दिले हर्षद, आनंद देणारी. १८ ला ९ ने भाग जातो, म्हणून ती हर्षद. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना आज जग कापरेकर संख्या म्हणते. डेम्लो संख्यांचे नाव तर एका रेल्वे स्थानकावरून पडले, ज्याला आज आपण डोंबिवली म्हणतो. त्यांची कल्पना सुचली ती तिथे.

सर्वांत सुंदर बहुधा देवळाली संख्या. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची: १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणजे २१ चा जनक १५. काही संख्यांना दोन जनक असतात, जसे १०१ ला ९१ आणि १००. आणि काहींना एकही नसतो. २० कुठूनच येत नाही, ३१ नाही, ४२ नाही. जनक नसलेल्या या संख्या इंग्रजीत ‘सेल्फ नंबर’ झाल्या, मराठीत त्यांना स्वयंभू म्हणावे. १९६३ मध्ये मास्तरांनी त्यांच्यावर पुस्तिका काढली.

त्यांच्या अनेक पुस्तिका पदरच्या पैशाने छापलेल्या होत्या. परिषदांनाही ते स्वखर्चाने जात. तिथे काही गणितज्ञ त्यांच्या कामाला पोरखेळ समजून हसत. आक्षेप अगदी निराधार होता असे नाही. ६१७४ आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून घडते, पद्धत बदलली की संख्या बदलते, आणि त्यातून मोठा सिद्धांत उभा राहत नाही. पण हसणाऱ्यांच्या हे ध्यानात आले नाही, की ज्याला गणिताची पहिलीच पायरी चढायची आहे त्याला अशाच दाराची गरज असते, ज्याला वजाबाकीपलीकडे किल्ली लागत नाही.

१९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरत नव्हते, म्हणून मास्तरांनी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या सुरू ठेवल्या. त्यांचे लेख अमेरिकेतल्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’सारख्या नियतकालिकात येऊन गेले होते, तरी नाव सर्वदूर झाले ते मार्च १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिल्यावर. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये देवळालीत त्यांचे निधन झाले.

तोवर त्यांची वजाबाकी संगणकांवर पोचली होती. मोठ्या संख्यांचे काय होते हे आता काही ओळींच्या प्रोग्रॅमने पाहता येते. पाच अंकी संख्यांना ६१७४ सारखा एकच मुक्काम नाही. सगळे अंक सारखे असलेल्या सोडल्या, तर त्या तीनपैकी एका चक्रात अडकतात. सर्वांत लहान चक्र दोनच संख्यांचे आहे: ५३९५५ वरून ५९९९४, आणि ५९९९४ वरून परत ५३९५५. उरलेली दोन चक्रे चार-चार संख्यांची आहेत. पुस्तक उघडे असेल, तर ती कागदावर शोधता येतात.