ऑक्सिजन सेन्सरच्या चार वायर आणि वाल्टर नेर्न्स्ट

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. अमेरिकेत नोकरीला आल्यावर एक जुना पेट्रोल पिकअप ट्रक घेतला. काही महिन्यांतच 'चेक इंजिन'चा दिवा लागला. ब्लूटूथ स्कॅनर मोबाइलला जोडला, कोड आला पी०१३५, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये बिघाड. फ्यूज ठीक होता. मल्टीमीटर लावल्यावर कळलं, सेन्सरमधला हीटरच तुटलाय.

मी स्वस्तातला युनिव्हर्सल सेन्सर मागवला. त्याला प्लग नसतो. जुन्या सेन्सरचा प्लग कापून त्याच्या चार वायर नव्या चार वायरना जोडायच्या. म्हटलं सोपंय, रंगाला रंग जोडू. पण जुन्याला दोन काळ्या, एक निळी, एक पांढरी. आणि नव्याला दोन पांढऱ्या, एक काळी, एक करडी! तिथेच हात थांबले. नशीब थांबले, कारण हीटरचे १२ व्होल्ट सिग्नलच्या वायरवर गेले असते तर गाडीचा कॉम्प्युटर जाऊ शकला असता.

मग प्रश्न पडला, जळत्या धुरात बसणाऱ्या सेन्सरला वेगळा हीटर लागतोच कशाला? उत्तर शोधताना एका माणसापर्यंत पोहोचलो. त्याचीच ही गोष्ट.

दिवा, जो आधी तापवावा लागायचा

वाल्टर नेर्न्स्ट यांचा जन्म २५ जून १८६४ रोजी तेव्हाच्या पश्चिम प्रशियातल्या ब्रीझेन गावी झाला. आज हे गाव पोलंडमध्ये आहे. लाइपझिगला ऑस्टवाल्ड यांच्याकडे सहायक असताना, १८८९ मध्ये, ऐन पंचविशीत त्यांनी एक समीकरण मांडलं. एकाच पदार्थाचं प्रमाण दोन बाजूंना वेगवेगळं असेल, तर त्या फरकातून किती व्होल्टेज मिळेल, हे त्यावरून काढता येतं. बारावीच्या केमिस्ट्रीत आपण घोकलेलं 'नेर्न्स्ट इक्वेशन' ते हेच.

पुढे गॉटिंगेनमध्ये प्राध्यापक असताना, १८९७ मध्ये, त्यांनी विजेचा दिवा बनवला. त्यात तारेऐवजी झिर्कोनिया आणि यिट्रिया यांची बारीक कांडी होती. हे ऑक्साइड, म्हणजे आधीच जळून झालेला पदार्थ. त्यामुळे काचेतली हवा काढायची गरज नाही. उजेडही त्या काळच्या कार्बनच्या दिव्यापेक्षा चांगला. अडचण एकच होती. थंड असताना ही कांडी वीज वाहूनच नेत नाही! आधी काडेपेटीने किंवा स्पिरिटच्या दिव्याने तापवा, मग बटण. नंतर दिव्यातच छोटा हीटर बसवला, तरी उजेड पडेपर्यंत थांबावं लागायचंच.

एईजी कंपनीने पेटंट मोठ्या रकमेला घेतलं. नेर्न्स्ट यांना मोटारींचं भारी वेड, गॉटिंगेनमधल्या सुरुवातीच्या मोटारवाल्यांपैकी ते एक. पण काही वर्षांतच धातूच्या तारेचे बल्ब आले आणि हा दिवा बाजारातून गेला.

नोबेल आणि युद्ध

नेर्न्स्ट मात्र थांबले नाहीत. १९०५ मध्ये ते बर्लिनला गेले. १९०६ मध्ये मांडलेला त्यांचा उष्णतेचा सिद्धांत पुढे थर्मोडायनॅमिक्सचा तिसरा नियम झाला. १९११ ची पहिली सॉल्व्हे परिषद भरवण्यात त्यांचा पुढाकार होता. १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

याच माणसाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९१४ मध्ये पन्नाशीला आलेले नेर्न्स्ट स्वतःची मोटार घेऊन जर्मन सैन्यात ड्रायव्हर म्हणून गेले. नंतर युद्धात वापरायच्या त्रासदायक वायूंवर त्यांनी काम केलं. त्याच युद्धात त्यांचे दोन्ही मुलगे मारले गेले. पुढे नाझी सत्तेवर आले. त्यांच्या दोन जावयांचं मूळ ज्यू असल्यामुळे त्या मुलींना देश सोडावा लागला. नेर्न्स्ट यांना ती राजवट मान्य नव्हती. ते निवृत्त होऊन गावाकडे राहिले. १८ नोव्हेंबर १९४१ रोजी ते गेले.

दिवा विझला, कांडी राहिली

त्यांच्यानंतर ३५ वर्षांनी, १९७६ मध्ये, बॉशचा लॅम्डा सेन्सर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्व्हो गाड्यांत बसला. आत काय होतं? झिर्कोनिया आणि यिट्रिया! एका बाजूला बाहेरची हवा, २१ टक्के ऑक्सिजनची. दुसऱ्या बाजूला सायलेन्सरकडे जाणारा धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकातून व्होल्टेज तयार होतं, १८८९ च्या समीकरणाप्रमाणे. पेट्रोल जास्त झालं की साधारण ०.९ व्होल्ट, कमी पडलं की ०.१. त्यावरून कॉम्प्युटर १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हे प्रमाण सांभाळतो.

आणि हीटर? साधारण ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय सेन्सर नीट काम करत नाही. नुसत्या धुराने तापायला वेळ लागतो, तोवर गाडी अंदाजाने पेट्रोल ओतत राहते. म्हणून चारपैकी दोन वायर हीटरच्या. त्या दिव्याला लागायचं तेच इथेही लागतं.

आता जोडणी सोपी झाली. रंग विसरलो, काम बघितलं. दोन्ही सेन्सरचे तक्ते समोर ठेवले. जुन्या दोन काळ्या हीटरच्या, त्या नव्या दोन पांढऱ्यांना. निळी सिग्नलची, ती काळीला. पांढरी सिग्नलच्या ग्राउंडची, ती करडीला. तुमच्या गाडीत रंग वेगळे असू शकतात, तेव्हा तक्ता बघूनच हात घाला. सोल्डर केलं नाही, क्रिंप केलं. बऱ्याच सेन्सरना बाहेरची हवा वायरच्या आतल्या बारीक फटींतूनच मिळते. सोल्डरने ती वाट बंद होते.

कोड पुसून ट्रक सुरू केला. थोड्या वेळात मोबाइलवरचा ग्राफ ०.१ आणि ०.९ च्या मध्ये वरखाली नाचू लागला. दिवा परत लागला नाही. मी मात्र बराच वेळ तो ग्राफ बघत बसलो. बारावीत दोन मार्कांसाठी पाठ केलेलं समीकरण पहिल्यांदा चालताना दिसत होतं.