मारिया तेल्केश

मारिया तेल्केश (१२ डिसेंबर, १९०० – २ डिसेंबर, १९९५) या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन जैवभौतिकशास्त्रज्ञ व संशोधक होत्या. सूर्याची उष्णता लवणात साठवून ढगाळ दिवसांत वापरण्याच्या प्रयत्नांसाठी त्या ओळखल्या जातात.

जीवन

तेल्केश यांचा जन्म बुडापेस्ट येथे झाला. तेथील विद्यापीठातून १९२४ मध्ये भौतिक रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून त्या अमेरिकेत गेल्या. क्लीव्हलँड येथे काही वर्षे संशोधन केल्यानंतर १९३७ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. पुढे त्या मॅसेच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सौरऊर्जा प्रकल्पात दाखल झाल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जीवरक्षक तराफ्यांसाठी समुद्राचे पाणी उन्हाने शुद्ध करणारे साधन विकसित केले.

डोव्हर येथील सौरगृह

१९४८ मध्ये मॅसेच्युसेट्समधील डोव्हर येथे त्यांच्या योजनेनुसार सौरगृह उभे राहिले. वास्तुरचना एलिनॉर रेमंड यांची, तर खर्च शिल्पकार अमेलिया पीबॉडी यांचा होता. काचेमागील काळ्या धातुपत्र्यांवर तापलेली हवा पंख्यांनी ग्लाउबर लवणाच्या पिंपांकडे नेली जाई. हे लवण म्हणजे दहा जलरेणू असलेले सोडियम सल्फेट. सुमारे ३२ अंश सेल्सियसला त्यातील स्फटिकजल सुटते व लवण त्यात विरघळते. या क्रियेत ते बरीच उष्णता शोषून घेते. थंड होताना पुन्हा स्फटिक बनतात आणि ती उष्णता घराला मिळते. तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा लवणात कितीतरी अधिक उष्णता मावते.

सुरुवातीचे दोन हिवाळे घर उबदार राहिले. मात्र वारंवार वितळण्या-गोठण्याने निर्जल सोडियम सल्फेट तळाशी बसू लागले. वर राहिलेल्या पाण्याशी त्याचा पूर्ण संयोग होईना, त्यामुळे साठवणक्षमता घटली. पिंपेही गंजून गळू लागली. अखेर घरात नेहमीची भट्टी बसवावी लागली.

नंतरचे संशोधन

१९५३ मध्ये तेल्केश यांनी ती संस्था सोडली, परंतु लवणाचा प्रश्न सोडला नाही. स्फटिकीभवन वेळेवर सुरू व्हावे म्हणून त्यांनी टाकणखाराचा उपयोग दाखवला होता. पुढे डेलावेअर विद्यापीठात असताना घन कण तळाशी बसू नयेत यासाठी मिश्रण घट्ट करण्याची पद्धत शोधली. फोर्ड प्रतिष्ठानच्या अनुदानातून त्यांनी सौरचूलही तयार केली.

सन्मान व निधन

१९५२ मध्ये अमेरिकेतील महिला अभियंता संस्थेचा पहिला पुरस्कार त्यांना मिळाला. १९९५ मध्ये बुडापेस्टच्या भेटीवर असताना त्यांचे निधन झाले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांचा मरणोत्तर समावेश करण्यात आला.